खेळाडू वस्ताद होतो तेव्हा



बल्लारपूरचा वसंत म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळावयाचे नाही. तिकडे मोगरा फुलतो तेव्हा आपण कूलरचा वाळा बदलीत असतो. दिवस मावळून दोन तास झाले तरी अंगणातली फरशी पायाला चटका देते. अशा उन्हाळ्यात तुम्ही गच्ची सोडून येथे येऊन बसलात, तेही खेळावरचे भाषण ऐकावयास, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी भीतभीतच सांगितला. मी काही विद्वान नाही. उभी हयात शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून गेली. शिटी फुंकणे हे माझे मुख्य वाङ्मय. तेव्हा भाषणात मध्येच शिटी ऐकू आल्यासारखे वाटले तर क्षमा असावी.

विषय असा की, देशासाठी खेळलेला एखादा नामवंत खेळाडू खेळ संपल्यावर दुसऱ्यांना शिकवावयास उभा राहतो, तेव्हा त्याचे काय होते आणि त्याच्या हाताखालच्या मुलांचे काय होते? आपण सामान्यतः असे धरून चालतो की, ज्याला उत्तम खेळता येते त्याला उत्तम शिकविता येतेच. गावोगाव क्रीडामंडळे निघतात, त्यांच्या पहिल्या सभेत पहिला ठराव हाच असतो की, कोणीतरी मोठा खेळाडू आणा. मीही असे ठराव मांडले आहेत. मोठा खेळाडू येतो, हार घालून घेतो, मुलांना दोन फटके मारून दाखवितो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मुले आठ दिवस तो फटका मारण्याचा प्रयत्न करतात. नवव्या दिवशी सारे पूर्ववत होते.

खरे म्हणजे आपल्या भाषेत या बाबतीत एक फार जुना शब्द आहे, तो म्हणजे वस्ताद. तालमीतला पैलवान कुस्ती सोडतो, पण तालीम सोडीत नाही. अंगातली रग ओसरली की तो हौद्यातून बाहेर येतो आणि हौद्याच्या काठावर बसतो. अंतर अवघे चार हातांचे, पण त्या चार हातांत माणूस बदलावा लागतो. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकला गेले आणि पुढे कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्यांमागून पिढ्या घडविल्या. हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले आणि नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ते मुले घडवू लागले. त्यांच्याकडे बीड जिल्ह्यातला राहुल आवारे शिकला. २०११ साली बिराजदार वारले. त्यांच्या मागे काका पवार यांनी त्या मुलाला हाताशी धरले, तेही एकेकाळचे आंतरराष्ट्रीय मल्लच. आणि २०१८ साली गोल्ड कोस्टला राहुलने राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. एका वस्तादाच्या हातून दुसऱ्या वस्तादाच्या हाती शिष्य गेला, पण तालमीचा धागा तुटला नाही. कुस्तीत हे इतके अंगवळणी पडले आहे की, त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

क्रिकेटचे तसे नाही. हा खेळ साहेबाचा, आणि साहेबाच्या खेळात कप्तान हाच सर्वाधिकारी. बाहेरून कोणी शिकवावे ही कल्पनाच त्यांना बरेच दिवस पटत नव्हती. रग्बीसारख्या धसमुसळ्या खेळातही जुनी रीत अशीच होती. शिक्षक प्रेक्षकांत बसणार आणि मैदानावर कप्तानाचा शब्द शेवटचा. आपल्या देशाच्या क्रिकेट संघाबरोबर वर्षानुवर्षे व्यवस्थापक जात असे. त्याचे काम सामान मोजणे आणि मेजवान्यांना भाषण करणे. १९९२ साली अजित वाडेकर व्यवस्थापक झाले आणि १९९६ पर्यंत राहिले, तेव्हा त्या पदाला खऱ्या अर्थाने वस्तादकी आली. मात्र वाडेकर हे जिंकलेले कप्तान होते, त्यांचा दरारा आधीपासूनच होता. मला आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे त्यांच्या वाट्याला असे काही आले नव्हते.

ते म्हणजे चंद्रकांत पंडित. नाव घेताच तुमच्यातील काहींचे चेहरे उजळले, ते मला येथून दिसते आहे. २०१८ च्या पहिल्या तारखेला या गावात फटाके का वाजले होते, ते पाहुण्यांना सांगावे लागेल. पण आपण क्रमाने जाऊ.

पंडितांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. शिष्य रमाकांत आचरेकरांचे. यष्टिरक्षक आणि फलंदाज. भारतासाठी ते पाच कसोटी सामने आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळले, १९८६ ते १९९२ या काळात. आता पाच कसोटी म्हणजे किती? ज्याने एकही पाहिली नाही त्याच्या दृष्टीने पुष्कळ, आणि ज्याने शंभर खेळल्या त्याच्या दृष्टीने काहीच नाही. १९८६ साली लीड्सला त्यांना पहिली कसोटी मिळाली, तीही फलंदाज म्हणून. यष्टीमागे किरण मोरे उभे होते. १९८७ च्या विश्वचषकात मुंबईला इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला. दिलीप वेंगसरकर खेळू शकले नाहीत म्हणून पंडित संघात आले. त्यांनी चोवीस धावा केल्या, सामना आपण हरलो. म्हणजे ज्याची विद्या यष्टीमागची, त्याच्या वाट्याला महत्त्वाच्या दिवशी यष्टीपुढची जागा आली, आणि तीही दुसऱ्याची. बाकी बराच काळ तंबूत बसून.

या तंबूत बसण्याविषयी मला थोडे बोलू द्या, कारण माझ्या मते सारे मर्म येथेच आहे. जो रोज खेळतो त्याला आपला खेळ दिसतो, आणि जो बसतो त्याला सगळ्यांचा खेळ दिसू लागतो. कोण थकला आहे, कोण कप्तानावर रुसला आहे, कोणाचे पाऊल आज अर्धा वीत मागे पडते आहे, हे बारावा माणूस पाणी घेऊन जाताना टिपतो. त्यातून यष्टिरक्षकाची जागा अशी की, चेंडू प्रत्येक वेळी त्याच्याकडे येण्याची शक्यता, आणि मैदानावरचे बाकीचे दहाजण त्याच्या डोळ्यांसमोर. ज्याला निसर्गाने सहज दिलेले असते तो ते कसे येते हे सांगू शकत नाही. त्याला विचारा, तो म्हणेल, "चेंडू पाहावयाचा आणि मारावयाचा!" हे शिकविणे नव्हे. ज्याला प्रत्येक जागा दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागली, त्याने ती मिळविण्याच्या पायऱ्या मोजलेल्या असतात.

आता माझ्या या म्हणण्याला लगेच तडा जाईल असे उदाहरण मीच देतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणी तरी देईलच. संदीप पाटील. १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारा, १९८३ च्या विश्वविजेत्या संघातला हा मनस्वी फलंदाज. निसर्गदत्त म्हणजे तो! आणि तोच पुढे केनियासारख्या दुबळ्या संघाला शिकवावयास गेला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने त्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. वाटेत नैरोबीला त्यांनी श्रीलंकेला हरविले. पुढे डरबनला आपल्याकडून हरले, पण हरतानाही जगाने टाळ्या वाजविल्या. तेव्हा तंबूत बसलेलाच शिकवू शकतो असा माझा सिद्धांत नाही. मला वाटते, पाटलांना केनियाच्या मुलांत आपल्यासारखी धुंदी दिसली असावी आणि त्यांनी तिला लगाम घातला नसावा. तोही एक मार्ग आहे. पंडितांचा मार्ग अगदी उलटा, लगामाचा.

आणि लगाम त्यांनी कोठून आणला? लीड्सहून नव्हे. शिवाजी पार्कवरून आणला. आचरेकर सर स्वतः किती मोठे खेळाडू होते? प्रथम दर्जाचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे. ज्यांनी तेंडुलकर घडविला त्यांच्या स्वतःच्या खेळाचा हिशेब एका ओळीत संपतो. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो त्यांनी पाहिलेल्या चेंडूंबद्दल, टाकलेल्या वा मारलेल्या चेंडूंबद्दल नव्हे. तेंडुलकरच्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून त्याला बाद करणाऱ्याला ते देण्याची त्यांची युक्ती आता पोराबाळांनाही ठाऊक आहे. पंडित त्या हाताखालून गेलेले. कबड्डीचे पाहा. नाशिकच्या शैलजा जैन यांचे नाव देशात किती जणांना ठाऊक होते? त्या इराणच्या मुलींना शिकवावयास गेल्या, आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत त्या इराणी मुलींनी अंतिम सामन्यात आपल्यालाच हरविले. त्या दिवशी देशाला वाईट वाटले. मला मात्र, एका क्रीडाशिक्षकाला, आतून बरेही वाटले, हे येथे कबूल करून टाकतो.

पंडितांच्या वस्तादकीत आणखी एक गोष्ट मिसळली होती, ती म्हणजे एक पराभव. खेळाच्या अखेरच्या काळात ते मध्य प्रदेशाकडून खेळत आणि त्या संघाचे कप्तान होते. १९९९ साली मध्य प्रदेशाचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास बंगळूरला पोहोचला. समोर कर्नाटक. पहिल्या डावात मध्य प्रदेशाला पंचाहत्तर धावांची आघाडी मिळाली. सामना नुसता अनिर्णित राहिला असता तरी करंडक घरी आला असता. पण शेवटच्या डावात फळी कोसळली आणि ते शहाण्णव धावांनी हरले. ज्याने अशी हार कप्तान म्हणून पाहिली त्याला पुढे कोणाही मुलाला "आघाडी आहे, निर्धास्त राहा" असे सांगणे जन्मात शक्य नाही. हे मी माझ्या कल्पनेने म्हणतो. पण त्यांच्या हाताखालचे संघ आघाडी मिळाल्यावर कसे खेळतात ते पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

खेळ थांबल्यावर फार दिवस न जाता ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक आले. पुन्हा २०१५-१६ ला मुंबईबरोबर तिसरा. पण लोक म्हणत, मुंबईला जिंकविण्यात काय मोठे? मुंबई जिंकतेच! जानेवारी २०१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात इंदूरला गुजरातकडून हरली आणि त्यानंतर मुंबईने प्रशिक्षक बदलला. तेच पंडित त्या वर्षी नागपूरला आले.

आता विदर्भ म्हणजे काय होता, हे या सभागृहात सांगावयास नको. १९५७-५८ पासून आपला संघ रणजी खेळतो. साठ वर्षे! एकदाही अंतिम सामना पाहिलेला नव्हता. मोठ्या संघांना आपल्याशी सामना पडला की ते गुण आधीच मोजून ठेवीत. आपली मुले चांगली निघाली तर ती मुंबईकडे नाहीतर रेल्वेकडे पाहू लागत. पूर्वीच्या वर्षांत संघटनेने जामठ्याचे मैदान बांधले, मुलांसाठी निवासी प्रबोधिनी काढली, बाहेरचे जाणते खेळाडू आणले, हे सारे खरे. शेत नांगरलेले होते. पंडित आले तेव्हा पेरणीचे दिवस होते, असे म्हणा. सारे श्रेय त्यांना देणे हा त्या जुन्या लोकांवर अन्याय होईल. आणि पंडित नसते तर? तर त्या वर्षी पीक आले नसते, असेही माझे स्पष्ट मत आहे.

त्या हंगामातला कोलकात्याचा उपांत्य सामना मी आकाशवाणीसारखा कानाशी दूरध्वनी धरून ऐकला. समोर पुन्हा कर्नाटक. पहिल्या डावात आपण १८५ ला बाद, ते ३०१. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या. त्यांना जिंकावयास १९८ हव्यात. चौथ्या दिवसाअखेर ते ७ बाद १११. रात्री बल्लारपुरात कोणाला झोप लागली असेल असे वाटत नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची शेपटी वळवळू लागली. दीडशे झाल्या, पावणेदोनशे झाल्या, एकशे नव्वद झाल्या. शेवटी १९२ वर शेवटचा गडी पडला. अवघ्या पाच धावांनी जय! रजनीश गुरबाणी नावाच्या अभियांत्रिकीच्या पदवीधर मुलाने त्या सामन्यात बारा बळी घेतले. त्या वर्षी तो फक्त सहा सामने खेळला आणि एकोणचाळीस बळी घेऊन गेला.

मग इंदूर. तेच मैदान, जेथे वर्षापूर्वी पंडित मुंबईबरोबर हरले होते. समोर दिल्ली. गुरबाणीने ओळीने तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. रणजीच्या अंतिम सामन्यात असे त्यापूर्वी एकदाच घडले होते, १९७२-७३ साली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमच्या हातून. दिल्ली २९५. आपल्या डावात पन्नाशी-पाऊणशेच्या खेळ्या झाल्या, आणि अक्षय वाडकर नावाच्या तरुण यष्टिरक्षकाने १३३ धावा काढल्या. त्याचे प्रथम दर्जाच्या खेळातले पहिले शतक ते हे! यष्टिरक्षक आणि खाली येणारा फलंदाज. त्याला खेळताना पाहून तंबूतल्या एका माणसाला काय वाटले असेल? आपण ५४७ केल्या. आघाडी अडीचशेची. आणि पाहा, कोणी निर्धास्त राहिले नाही. दुसऱ्या डावात दिल्ली २८० ला गारद झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. कप्तान फैज फजल. त्या हंगामात त्याच्या एकट्याच्या ९१२ धावा.

पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा जिंकलो, अठ्ठ्याहत्तर धावांनी. आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले, त्यांत चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत. पहिल्या डावात एक धाव, दुसऱ्यात शून्य. त्यानंतर इराणी करंडकही राखला. ते दिवस पुलवामाच्या हल्ल्यानंतरचे होते. आपल्या मुलांनी बक्षिसाची रक्कम हुतात्म्यांच्या कुटुंबांना देऊन टाकली. शिस्त नुसती पाय योग्य जागी टाकण्याची नसते, एवढेच येथे म्हणतो.

शिस्तीवरून आठवले. पंडितांची शिस्त कडक, हे सर्वश्रुत आहे, आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. मध्य प्रदेशाला जिंकून दिल्यानंतर ते कोलकात्याच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाने २०२४ साली करंडकही घेतला. पण तेथून गेलेल्या एका परदेशी खेळाडूने पुढे जाहीरपणे सांगितले की, जगभर खेळून आलेल्या माणसांना काय घालावे आणि कसे वागावे हे सांगितलेले रुचत नसे. मला त्या खेळाडूचे म्हणणे खोटे वाटत नाही. लगाम सगळ्याच घोड्यांना मानवत नाही. ज्या मुलाला हा एकच दरवाजा आहे, तो दरवाज्यावरचा नियम पाळतो. ज्याला दहा दरवाजे आहेत तो दुसऱ्याने निघून जातो. म्हणून पंडितांचे खरे यश मोठ्या पैशांच्या संघात शोधू नये. ते विदर्भात आणि मध्य प्रदेशात शोधावे.

मध्य प्रदेशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०२० साली ते त्या संघाकडे गेले. पुढल्या वर्षी महामारीमुळे रणजी स्पर्धाच झाली नाही. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाचा संघ अंतिम सामन्यास पोहोचला. गाव बंगळूर, मैदान तेच, जेथे तेवीस वर्षांपूर्वी पंडित कप्तान म्हणून हरले होते. समोर मुंबई, म्हणजे त्यांचे माहेर. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. प्रशिक्षक म्हणून त्यांचा तो सहावा रणजी करंडक. त्या दिवशी हा कठोर माणूस मैदानावर मुलांच्या खांद्यावर बसून रडला. चित्रे तुम्ही पाहिली असतील.

पण आता एक प्रश्न विचारतो. पंडित नागपूरहून गेले, मग विदर्भाचे काय झाले? वस्ताद गेल्यावर तालीम ओस पडली तर तो वस्ताद कसला? काही वर्षे आपण मागे पडलो, हे खरे. २०२४ च्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो. आणि मार्च २०२५ मध्ये जामठ्यालाच, केरळविरुद्ध, पहिल्या डावातल्या सदतीस धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक घेतला. कप्तान कोण? तोच अक्षय वाडकर, इंदूरला पहिले शतक काढणारा यष्टिरक्षक. केरळच्या बाजूने खेळत होता आदित्य सरवटे, त्याच मैदानावर सहा वर्षांपूर्वी आपल्याला जिंकून देणारा, आणि त्याने आपल्याला चांगलेच सतावले. आणि प्रशिक्षक? उस्मान गनी, विदर्भाकडूनच रणजी खेळलेले, भारताची टोपी कधीही न घातलेले, आपल्या घरचे. या निकालाला नागपूरच्या वर्तमानपत्रांनी जागा दिली, पण गनींच्या नावाला जितकी द्यावयास हवी होती तितकी दिली असे मला वाटले नाही.

आता थोडे आपल्या गावाकडे येऊ. आपल्या सागवानाची कीर्ती मोठी. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी येथल्या आगारातून लाकूड गेले, तेव्हा मिरवणूक निघाली होती. आगारात जुना माणूस असतो. तो ओंडक्यावर हात फिरवून सांगतो की हा असा चिरा, तसा चिरलात तर फाटेल. लाकडाला रेषा असते. ती करवतीने ठरत नाही.

आणि येथे मला माझी एक चूक सांगावयाची आहे. ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला, असे म्हटले तरी चालेल. मी तरुणपणी विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचलेला मध्यमगती गोलंदाज. भारताची टोपी फार लांब राहिली, पण गावात तेवढ्यावरही माणूस मोठा खेळाडू ठरतो. मी शिक्षक झालो तेव्हा माझ्या शाळेत एक मुलगा होता. बाप कोळशाच्या खाणीत, घरी तेलुगु, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. डाव्या हाताने गोलंदाजी करी. हात वरून न येता बाजूने, गोफण फिरवावी तसा येई. चेंडू कोठून सुटला हे फलंदाजाला कळत नसे. मैदानावर उजव्या यष्टीच्या बाहेर पडून तो आत घुसे. मला मात्र त्याचा हात पाहवत नसे. माझा हात कानाला घासून येत असे, तो माझा अभिमान होता. मी त्याचा हात सरळ करण्याचे मनावर घेतले. एक पावसाळा, एक हिवाळा. मुलगा आज्ञाधारक होता, शिकला. हात सरळ झाला, कानाला घासू लागला. चेंडूही सरळ झाला. कोणीही उठावे आणि मारावे असा. पुढच्या वर्षी खांदा दुखू लागला, आणि बारावीच्या आत त्याने खेळ सोडला. मी त्याला शिकविले नव्हते. मी त्याच्यात मला शोधीत होतो.

उमेश यादव वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत चामड्याचा चेंडू हातात नव्हता, आणि २०११ साली तो भारताची कसोटी खेळला, विदर्भातला पहिला. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला त्या दिवशी मी तो कापून ठेवला. का, ते आता तुम्हांला कळले असेल. त्याला वेळेवर माझ्यासारखा शिक्षक भेटला नाही, हे त्याचे भाग्य.

असे म्हणू नका की, हे सारे आता सुधारले आहे. विसापूरला क्रीडासंकुल झाले, धावण्याचा उत्तम मार्ग झाला, डिसेंबर २०२३ मध्ये तेथे देशभरची शाळकरी मुले धावली. मैदान चांगले आहे, फार चांगले आहे. पण मैदान संध्याकाळी मुलांकडे पाहत नाही, ते कोणी माणसानेच पाहावे लागते. आपल्याकडे खेळलेली माणसे पुष्कळ आहेत. कागदगिरणीच्या संघातून, रेल्वेच्या, खाणींच्या संघांतून खेळून आता निवृत्त होऊन बसलेली. त्यांतले कितीजण हौद्याच्या काठावर येऊन बसतात? बसले तर स्वतःच्याच कुस्त्या सांगत राहतात. मी सांगत होतो, तशाच.

तो मुलगा आता मुलगा राहिलेला नाही. चाळिशी उलटली, खाणीत कामाला आहे. सुटीच्या दिवशी सकाळी तो वस्तीतल्या मुलांना घेऊन नदीकडच्या मोकळ्या जागेत खेळतो. त्याच्यासाठी कोणी हार आणला नाही की ठराव केला नाही. गेल्या थंडीत मी फिरत फिरत तिकडे गेलो. त्याने मला पाहून एक खुर्ची आणवली. दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा चेंडू टाकीत होता. हात असा वेडावाकडा, की पाहून माझ्या पोटात गोळा आला. पाऊल चुकीचे, खांदा उघडा, मनगट भलतीकडे. सवयीने मी खुर्चीवरून अर्धा उठलो आणि तोंड उघडले.

तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "बसा न सर. टाकू द्या त्याले."

मी बसलो.